एकसाली : सुरगाण्याच्या अर्थेतिहासातील एक शब्द

मराठीत अर्थशास्त्रविषयक गद्य अवतरले त्याला पावणेदोन शतके उलटली. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ साली आले, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' त्यानंतर सहा वर्षांनी. त्या आरंभापासून एक प्रश्न आपल्या विचारविश्वात ठाण मांडून बसला आहे. एखादा मुलूख संपन्न होतो तो तेथील माणसांच्या उद्यमामुळे, की राज्यकर्त्यांच्या धोरणामुळे? लोकहितवादींनी आपल्या लोकांच्या आळसावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) दुसरी बाजू मांडली. कष्ट करणारा कुणबी दरिद्री का, याचे उत्तर त्यांनी सारा, कोर्टकचेऱ्या आणि गायराने गिळणारे जंगलखाते यांत शोधले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात अर्थशास्त्राचे नियम देशकालसापेक्ष असतात असे प्रतिपादन केले आणि मागासलेल्या देशात सरकारनेच उद्योगाला हात दिला पाहिजे असा आग्रह धरला.

हा वाद आजही संपलेला नाही. फक्त त्याची भाषा बदलली आहे. 'आळस' या शब्दाची जागा 'मानसिकता' या शब्दाने घेतली आहे, एवढेच. आदिवासी तालुक्यांविषयी बोलताना तर हा शब्द हमखास येतो. म्हणूनच या वादाची परीक्षा एखाद्या ठरावीक भूमीवर करून पाहावी असे आम्हांस वाटले, आणि त्यासाठी आम्ही नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा सुरगाणा तालुका निवडला. साखर कारखाने, द्राक्षबागा, औद्योगिक वसाहती यांनी गजबजलेल्या महाराष्ट्राच्या अर्थेतिहासात सुरगाण्याचे नाव क्वचितच येते. आले तर मागासलेपणाच्या कोष्टकात येते. अशा ठिकाणी उद्यम आणि धोरण यांचे नाते जितके उघडे दिसते तितके ते सुस्थितीतल्या प्रदेशात दिसत नाही.

डोंगराची पश्चिम बाजू

नाशिकहून दिंडोरी, वणी करीत सह्याद्रीची मुख्य रांग ओलांडली की पाण्याची दिशा बदलते. पलीकडचे पाणी गोदावरी आणि गिरणेकडे जाते. अलीकडच्या नार, पार, अंबिका या नद्या पश्चिमेला गुजरातेत उतरतात आणि अरबी समुद्राला मिळतात. पाऊस भरपूर, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे ते पाणी ठरत नाही. आषाढात जेथे घराबाहेर पाऊल टाकणे कठीण, त्याच पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. शेती पावसाची. भात खाचरात, नागली आणि वरई उतारावर, जोडीला उडीद, कुळीथ, खुरासणी. वस्ती प्रामुख्याने कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती आणि त्यांतील शंभरात पंचाण्णवांहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची होती.

१९४८ पर्यंत हे एक छोटेसे संस्थान होते. पवार घराण्याचे देशमुख त्याचे अधिपती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा विस्तार सुमारे ३६० चौरस मैल आणि वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास. शेजारचे पेठ संस्थान १८७८ मध्येच खालसा होऊन थेट इंग्रजी अमलाखाली गेले होते. सुरगाणा आणखी सत्तर वर्षे संस्थान म्हणून राहिले. उत्तरेकडच्या डांगमध्ये मात्र इंग्रजांनी १८४२ पासूनच भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेण्यास सुरुवात केली होती. मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते. पुढे थळ घाटातून लोहमार्ग गेल्यावर स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढली. बडोद्याच्या गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद मार्गाची रेल्वे नेली, तीही डांगच्या वेशीवर येऊन थांबली. या सगळ्या घडामोडींत धोरण होते, भांडवल होते, दळणवळण होते आणि उद्यमही होता. पाठ्यपुस्तकात आर्थिक वाढीची म्हणून जी जी अंगे सांगितली जातात ती सर्व होती. पण त्यांचा रोख जंगलातून लाकूड बाहेर नेण्याकडे होता. जंगलात राहणारा माणूस त्या व्यवस्थेत कुऱ्हाड चालवणारा मजूर एवढ्याच नात्याने सामील झाला.

मक्तेदाराचा उद्यम

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९९० साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, उद्यमी माणसांचे प्रमाण समाजासमाजांत फारसे कमीजास्त नसते. फरक पडतो तो खेळाच्या नियमांमुळे. नियम जर उत्पादनाला मोबदला देत असतील तर उद्यमी माणूस उत्पादनाकडे वळतो. ते जर मक्तेदारी, वशिला आणि वसुली यांना मोबदला देत असतील तर तीच बुद्धी तिकडे खर्च होते. प्राचीन रोम, सुंग राजवटीतला चीन आणि मध्ययुगीन युरोप यांचे दाखले त्यांनी दिले. आम्हांस असे वाटते की, त्यांच्या म्हणण्याचा यापेक्षा चांगला दाखला आपल्या पश्चिम घाटाच्या उतारावर मिळाला असता.

मोहाच्या झाडाचेच पाहा. त्याचे फूल अन्न होते, पाहुणचार होता, विधी होता आणि उत्पन्नही होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला. ती गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्याने लिलावात जाऊ लागला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जो व्यवहार घराघरांत होता तो एका पेढीवर गोळा झाला. मक्तेदार दारू उधार देई, त्या उधारीपोटी धान्य घेई, धान्य संपले की श्रम घेई, आणि शेवटी जमीन. मक्तेदार हाही उद्योजकच होता. तो जोखीम घेत होता, भांडवल गुंतवीत होता, दुर्गम पाड्यांपर्यंत माल पोहोचवीत होता. पण त्याच्या उद्यमाने प्रदेशाची संपत्ती कणभरही वाढली नाही, ती केवळ एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आणि हे घडण्यासाठी लागणारा नियम सरकारने, स्वतःच्या महसुलासाठी, केलेला होता.

याला आदिवासींनी दिलेले उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. पालघरच्या किनाऱ्यावर उगम पावून डोंगरपट्ट्यातून डांग आणि सुरत जिल्ह्यांत १९२२ साली पसरलेल्या देवीच्या चळवळीत गावेच्या गावे दारू सोडण्याची शपथ घेऊ लागली आणि दारूच्या पेढीवाल्यांकडे मजुरीला जाणेही बंद झाले. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर इतिहास सांगितला आहे. अंगात येणारी देवी आणि तिच्या आज्ञा हे तिचे बाह्यरूप. पण त्या आज्ञांमागे आपले धान्य आणि श्रम कोणत्या वाटेने निघून जातात याची स्वच्छ जाण होती. ज्यांना आळशी म्हटले गेले त्यांनी आपल्या अर्थव्यवहाराचे असे निदान करून त्यावर सामूहिक बहिष्काराचा उपाय योजला, ही गोष्ट अर्थेतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवी होती.

१९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. साहित्याचे विद्यार्थी ते आत्मकथन म्हणून वाचतात. ते श्रमाच्या किमतीविषयीचे पुस्तक म्हणूनही वाचता येते. गवत कापणीचा दर, लग्नासाठीची उचल, तिच्यापोटी पिढ्यानुपिढ्या चाललेली चाकरी असा सगळा हिशेब त्यात आहे. त्याच विचारपरंपरेची राजकीय शाखा पुढे सुरगाण्यात रुजली, आणि जे. पी. गावित १९७८ पासून अनेकदा येथून विधानसभेवर गेले.

एक साल

आता आमच्या शीर्षकातल्या शब्दाकडे वळू. संस्थान विलीन झाले आणि भारतीय वन कायदा येथेही आला. ज्या उतारावर आजोबा नागली पेरीत होते तो उतार कागदावर वनखात्याचा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून 'अधिक धान्य पिकवा' या मोहिमेखाली ठाणे, नाशिक, धुळे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात जंगलजमिनीचे तुकडे लागवडीसाठी दिले जात. पण ते एका वर्षाच्या बोलीवर. या तुकड्यांना 'एकसाली प्लॉट' म्हणत. शब्द सरकारी दप्तरातला, पण तो बोलीत मुरला. आजही या भागात जंगलजमिनीवरच्या शेताला 'प्लॉट' म्हणतात आणि ते कसणाऱ्याला 'प्लॉटधारक'. 'शेत' आणि 'शेतकरी' हे शब्द सात-बाऱ्यावाल्यांसाठी.

एका वर्षाच्या बोलीने माणूस काय करू शकतो? नागली पेरू शकतो. वरई पेरू शकतो. बांध घालील का? दगड वेचून ताल रचील का? विहीर खोदील का? आंब्याचे कलम लावील का, जे फळाला यायला चार-पाच वर्षे लागतात? जी जमीन पुढच्या वर्षी आपली असेलच असे नाही, तीत कोणताही शहाणा माणूस यांतले काहीही करणार नाही. मग ती जमीन धुपते, उत्पन्न घटते, आणि काही वर्षांनी एखादा अधिकारी अहवालात लिहितो की येथील शेतकरी पारंपरिक पद्धतीने शेती करतात, सुधारणा स्वीकारीत नाहीत. कायद्याने लादलेली अल्पदृष्टी अशा रीतीने लोकांच्या स्वभावात जमा होते. जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ मध्ये उद्योजकाची जी व्याख्या केली तिच्या केंद्रस्थानी साधनांची नवी जुळवणी आहे. पण नव्या जुळवणीला वेळ लागतो, आणि वेळ ही गोष्ट एकसालीवाल्याच्या ताब्यात नव्हती.

१९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलजमीन नियमित करून देण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. कसणे चालूच राहिले. फक्त त्याचे नाव 'अतिक्रमण' झाले आणि त्यापोटी दंडाच्या पावत्या फाटू लागल्या.

रांगेच्या पूर्वेला

याच काळात डोंगराच्या दुसऱ्या बाजूला काय घडत होते? १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली. पुढे दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षाने जे वैभव आणले ते सर्वश्रुत आहे. त्याची कथा साधारणपणे उद्यमशील शेतकऱ्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. द्राक्षबाग उभारणे म्हणजे मांडव, औषधे, छाटणी आणि अवकाळीची धास्ती. त्यासाठी छाती लागते. परंतु त्या कथेत धोरणाचा वाटा किती आहे तेही पाहावे. पालखेड, करंजवण, वाघाड ही धरणे सरकारने बांधली. ओझर परिसरात बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा राज्याने केला. सहकारी संस्थांना एकत्र आणून १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' स्थापन झाली आणि युरोपची बाजारपेठ खुली झाली. या सर्वांच्या तळाशी असलेली गोष्ट म्हणजे निर्वेध सात-बारा. तो होता म्हणून बँकेचे कर्ज होते, कर्ज होते म्हणून मांडव होता.

प्रवरानगरच्या कारखान्याची गोष्टही याहून वेगळी नाही. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द, धनंजयराव गाडगिळांचे अर्थशास्त्र आणि वैकुंठभाई मेहतांचे सहकारखाते यांचा तेथे संगम झाला. यांतले एक काढले तर बाकीचे उभे राहत नाहीत. महाराष्ट्रात जेथे जेथे ग्रामीण समृद्धी आली तेथे उद्यम आणि धोरण एकमेकांचा हात धरून आले, हा आपला अनुभव आहे.

सुरगाण्याचा या समृद्धीशी संबंध आला तो मजुरीच्या वाटेने. खरिपाची कापणी उरकली की पाड्यांवरून माणसे जीपगाड्यांत बसून वणी, दिंडोरी, पिंपळगावकडे जातात. ऑक्टोबर छाटणी, घडांची विरळणी, डिपिंग, शेवटी खुडा. युरोपच्या दुकानात मांडलेल्या द्राक्षाच्या घडावर सुरगाण्याच्या बाईचा हात अनेकदा फिरलेला असतो. काही कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. आता विचार करण्यासारखी बाब अशी की, ज्या हातांना परक्याच्या बागेत इतके नाजूक काम जमते त्या हातांना स्वतःच्या डोंगरावर ते जमू नये, याचे कारण त्या हातांत शोधता येणार नाही.

राखण आणि रोपण

राज्याने या तालुक्यांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नाशिकलाच. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा कायदा १९७५ पासून अमलात आला. १९७६ च्या कायद्याने पालेमोडीला, म्हणजे उभ्या पिकावर सावकाराने अडीअडचणीच्या दिवसांत दिलेल्या उचलीला, आळा घातला. शेतमाल व गौण वनोपज यांची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पावसाळ्यातल्या उपाशी महिन्यांसाठी खावटी कर्ज आले. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना जन्मली आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तिला कायद्याचे बळ मिळाले.

या धोरणांचा स्वभाव राखणीचा होता. सावकारापासून राखण, भुकेपासून राखण. ती आवश्यक होती; तिच्याशिवाय पुढचे काहीही शक्य झाले नसते. पण एकाधिकार खरेदीत विकणाऱ्याला गिऱ्हाईक एकच असते. खरेदीकेंद्र वेळेवर उघडले नाही, चुकारा रखडला, की गरजू माणूस पुन्हा व्यापाऱ्याकडेच जातो. या व्यवस्थेत आदिवासीला उत्पादक मानले गेले, उद्योजक मानले गेले नाही. काय पिकवावे, कोठे विकावे, केव्हा विकावे हे निर्णय घेण्याची कुवत त्याच्यात आहे हे त्या कायद्याने गृहीत धरले नव्हते.

निराळा प्रयोग सीमेपलीकडे, पण अगदी जवळ झाला. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बायफ' या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात 'वाडी' कार्यक्रम सुरू केला. एका कुटुंबाने एका एकराच्या आसपास क्षेत्रात आंबा किंवा काजूची कलमे लावावीत, कुंपणाला इमारती व जळाऊ झाडे, मधल्या जागेत धान्य-भाजीपाला, उतारावर माती अडवणारे बांध. आणि झाडे फळावर येईपर्यंतची चार-पाच वर्षे संस्थेने सोबत राहावे, अशी ती रचना. २००० पासून जर्मन विकास बँक व नाबार्ड यांच्या साहाय्याने ती महाराष्ट्राच्या नाशिक-ठाणे पट्ट्यात आली, आणि २००३-०४ मध्ये नाबार्डने आदिवासी विकास निधी उभारून तिला देशव्यापी रूप दिले. त्याआधी १९९०-९१ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू केली होती. खड्डे खणणे, कलमे लावणे आणि ती जगवणे याची मजुरी शेतकऱ्याला त्याच्याच शेतावर, तीन वर्षे. १९९० पूर्वी राज्यात सुमारे २ लाख ४२ हजार हेक्टर फळबागा होत्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत त्या कित्येक पटींनी वाढल्या.

या दोन्ही योजनांचे यश अनुदानाच्या रकमेत मोजण्याची पद्धत आहे. आमच्या मते त्यांनी दिलेली खरी वस्तू म्हणजे काळ. कलम लावल्यापासून फळ हाती येईपर्यंतची जी मधली वर्षे गरीब माणसाला परवडत नाहीत, ती वर्षे सार्वजनिक पैशाने विकत घेऊन त्याच्या हवाली केली. एकसालीच्या नेमके उलट असे हे धोरण होते. अर्थात वाडी लावायला स्वतःच्या नावावरची जमीन लागे. प्लॉटधारक बहुतांशी दारातच राहिला.

पावतीचा पुरावा

ती अडचण दूर करण्यासाठी डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, वारसाहक्काने पुढे जाणारा पण विकता न येणारा हक्क त्याने मान्य केला. दावा सिद्ध करायला पुरावा हवा. तेव्हा घरोघरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या बाहेर आल्या. आजोबांनी अमुक साली अमुक ठिकाणी अतिक्रमण केले, असे सरकारनेच लिहून दिलेले होते. गुन्ह्याचा कागद मालकीचा आधार झाला. दस्तऐवजाचा अर्थ वाचणाऱ्याच्या काळावर अवलंबून असतो हे आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो; सुरगाण्याच्या पाड्यांना ते वेगळ्या मार्गाने कळले.

परंतु कायदा आणि अंमल यांत अंतर पडले. कित्येक दावे फेटाळले गेले, कित्येकांना कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा फारच थोड्या गुंठ्यांचे पट्टे मिळाले. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले, त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या आदिवासींची संख्या फार मोठी होती. सुमारे १८० किलोमीटर चालून ते १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडथळा नको म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्रीतूनच चालून काढला. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आश्वासन सरकारने दिले. त्यानंतर २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले, यावरून त्या आश्वासनाची वाटचाल कळते. वर्तमानपत्रांनी फोड आलेल्या पावलांची छायाचित्रे छापली आणि करुणा जागवली. ती माणसे मागत होती मात्र गुंतवणुकीची पूर्वअट.

स्ट्रॉबेरीचा अर्थ

गेल्या दीड-दोन दशकांत सुरगाणा आणि कळवण तालुक्यांच्या सीमेवर, बोरगाव, घागबारीच्या परिसरात एक नवे पीक आले आहे. महाबळेश्वरहून रोपे आणावयाची, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात गादीवाफ्यावर प्लास्टिक अंथरून लावावयाची, ठिबकने पाणी द्यावयाचे, आणि डिसेंबर ते मार्च लाल फळ तोडून पेट्यांत भरावयाचे. बाजार दाराशीच आहे. गुजरात सरकारने गिरिस्थान म्हणून विकसित केलेले सापुतारा काही किलोमीटरांवर, आणि नाशिक-वणी-सापुतारा रस्त्यावर पर्यटकांची वर्दळ. उरलेला माल नाशिकला आणि सुरतेला जातो. या पिकासाठी आदिवासी शेतकऱ्याने महाबळेश्वरशी संबंध जोडला, थंड हवा हे आपले भांडवल ओळखले, द्राक्षबागेत परक्यासाठी शिकलेले ठिबक आणि मल्चिंग स्वतःच्या वाफ्यावर आणले. शुम्पीटरची 'नवी जुळवणी' ती हीच. आळसाच्या आणि मानसिकतेच्या सिद्धान्ताला याहून सज्जड उत्तर असू शकत नाही.

मात्र या यशाकडे जरा थांबून पाहावे. स्ट्रॉबेरी हे एका हंगामाचे पीक आहे. ऑक्टोबरात लावले, मार्चअखेर संपले. त्याला दीर्घ मुदतीची मालकी लागत नाही, वैशाखातले पाणी लागत नाही, पाच वर्षांचा धीर लागत नाही. रोपांसाठी दरवर्षी नवी रोकड मात्र लागते. म्हणजे अनिश्चित हक्क, उन्हाळ्यात आटणारे झरे आणि बँकेच्या कर्जाचा अभाव, या तिन्ही मर्यादांत नेमके बसेल असेच पीक या शेतकऱ्याने हुडकून काढले. त्याची बुद्धी त्यात दिसते. आणि त्याला घातलेली चौकटही दिसते. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी एका अर्थी एकसालीच आहे.

सापुताऱ्याच्या शेजारामुळे आणखी एक गोष्ट घडली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला आणि एकच बोली, एकच नातीगोती असलेल्या पट्ट्यातून सीमारेषा गेली. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक सीमावाद पेटलेला असताना सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील काही गावांनी, आम्हांलाही गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी तहसीलदारांकडे केली. रस्ते, दवाखाना, वीज, पाणी ही कारणे. यात अस्मितेचा भंग पाहणाऱ्यांनी हेही पाहावे की, ही माणसे रोज दोन राज्यांच्या धोरणांची तुलना पायाखालच्या रस्त्यावरून करीत असतात. हा निवाडा भावनेचा कमी आणि हिशेबाचा अधिक होता.

पाणी कोणीकडे

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे सात हजार कोटी रुपयांच्या नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पास मंजुरी दिली. पश्चिमेला वाहून जाणारे पाणी उपसून रांगेच्या पूर्वेला, गिरणेच्या खोऱ्यात नेण्याची ही योजना आहे. गिरणाकाठ तहानलेला आहे यात शंका नाही, आणि खानदेशच्या शेतकऱ्याने ते पाणी मागणे रास्तच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने प्रश्न असा उरतो की, ज्या उतारांवर ते पाणी पडते तेथे त्यातले किती थांबेल? पूर्वी सागवान गेले, मग श्रम गेले. आता पाणी जाणार असेल तर त्या बदल्यात पाड्यापाड्याला उपसा सिंचन, शेततळी, वैशाखापर्यंत टिकणारे बंधारे मिळणार आहेत काय? १८८३ साली फुल्यांनी डोंगरउतारावरचे पाणी जागीच मुरावे म्हणून जागोजाग तालीबंधारे बांधण्याची सूचना सरकारला केली होती. ती सूचना सुरगाण्यासाठी अद्याप ताजी आहे.

आरंभीच्या वादाकडे परत जाऊन एवढेच म्हणता येईल की, उद्यम आधी की धोरण आधी हा प्रश्न मांडण्याची रीतच आपण बदलावयास हवी. सुरगाण्याच्या दोनशे वर्षांत उद्यमाचा दुष्काळ कधीच नव्हता. देवीच्या चळवळीत तो बहिष्कार होऊन आला, एकसाली प्लॉटवर चिवटपणा होऊन आला, द्राक्षबागेत मजुरी होऊन आणि बोरगावच्या वाफ्यांवर स्ट्रॉबेरी होऊन आला. प्रत्येक वेळी त्याने कोणते रूप घ्यावे हे त्या त्या काळच्या कायद्याने ठरविले. म्हणून एखाद्या धोरणाची परीक्षा करताना त्याने किती निधी दिला याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा : कसणाऱ्या माणसाला त्याने पुढची किती वर्षे दिली? ज्या दिवशी सुरगाण्याच्या वनपट्ट्यावर, पूर्ण मोजणी झालेल्या आणि उन्हाळ्यात ओल धरणाऱ्या जमिनीत, एखादा प्लॉटधारक नातवासाठी म्हणून आंब्याचे कलम लावील, त्या दिवशी या तालुक्यात आर्थिक वाढ सुरू झाली असे आम्ही समजू.